अर्धं उठलं की कुरकुरणारं स्टूल

मी एक जुनं फिरतं स्टूल आहे, मित्रांनो. दवाखान्यात डॉक्टरबाईंच्या टेबलाशी पेशंट बसतो ना, ते मी. माझ्या पोटात एक जाडजूड स्क्रू आहे. तो बसवताना कारागिराकडून जरा तिरका बसला. "चालतंय, बसणाऱ्याला काय कळतंय?" म्हणून त्यानं मला रंग फासला. त्याचं खरं निघालं. बसणाऱ्याला कधीच कळलं नाही. पण कुणी अर्धं उठून घुटमळलं, की माझं आपलं कुर्रर्र!

आणि गंमत बघा. सगळं सांगून झालेला माणूस झटकन उठतो. पोटात काही राहिलेला घुटमळतो. बाईंनी हे केव्हाच हेरलं होतं. खाली मान घालून चिठ्ठी लिहिता लिहिता त्या माझी कुरकुर ऐकायच्या आणि विचारायच्या, "काय राहिलं?" मग एखाद्या आजोबांनी चोरून खाल्लेली साखर हळूच बाहेर पडायची. बाई माझं कौतुक करायच्या. आपण तर हवेत!

फक्त एका बाबतीत बाई कच्च्या होत्या. एचआयव्ही नावाचा आजार होऊ नये म्हणून आधीपासून रोज घ्यायची एक गोळी असते. पुरुषांना ती त्या बिनदिक्कत सुचवायच्या. बायकांपुढे मात्र जीभ टाळ्याला चिकटायची. दुपारच्या चहाला त्यांचे सासरे, म्हणजे मोठे डॉक्टर, माझ्यावर टेकायचे. ते म्हणायचे, संसारी बाईला असलं विचारलं तर तिला वाटेल, डॉक्टर आपल्यावर संशय घेतात. बाई म्हणायच्या, मलाही तीच धास्ती, आणि बाहेर बाकावर वीसजण असताना एवढं बोलायला वेळ कुठला? कप उचलता उचलता सिस्टरताई पुटपुटायच्या, की तुम्ही विचारणार नाही, त्या सांगणार नाहीत, मग काय भिंतीनं बोलायचं?

एके दिवशी कपडे शिवणाऱ्या एक ताई आल्या. डोकं दुखतं म्हणाल्या. उठताना घुटमळल्या आणि मी कुरकुरलं. बाईंनी विचारलं, काय राहिलं? ताई गडबडल्या. म्हणाल्या, काही नाही, तुमचं स्टूल वाजतंय, उद्या मशीनचं तेल आणते.

आणि खरंच आणलं हो! दुसऱ्या दिवशी मला उलटं करून त्यांनी स्क्रूत चार थेंब सोडले, पुसलं, वर बसून एक गिरकी घेतली. मी लोण्यासारखं फिरलं. मग त्यांनी पाठदुखी सांगितली, अर्ध्या उठल्या, घुटमळल्या...

आणि माझ्यातून आवाजच निघेना! मी जिवाचा आटापिटा केला. बाईंची मान चिठ्ठीत. ताई पूर्ण उठल्या, दारापर्यंत गेल्या.

तेवढ्यात बाईंचं पेन थांबलं. दुसऱ्याच्या स्टुलाला तेल घालायला कुणी कामधंदा सोडून येतं का? त्या उठल्या, दार लोटलं आणि ताईंना परत बसवलं.

"एक प्रश्न मी आता प्रत्येकीला विचारणार आहे. सुरुवात तुमच्यापासून. एचआयव्ही आपल्याला होईल, अशी कधी भीती वाटते का?"

ताई धपकन बसल्या. नवरा लांबच्या गाडीवर असतो, महिन्याभरानं घरी येणार आहे, आणि तिकडचं त्याचं वागणं कानावर आलंय, एवढं त्यांनी एका दमात सांगितलं. मग म्हणाल्या, "गोळीचं ऐकलं होतं. पण मागितली तर तुम्ही मला काय समजाल?"

"आणि मी विचारलं तर तुम्ही मला काय समजाल, म्हणून मी गप्प!" बाई म्हणाल्या. दोघी हसल्या. ताईंनी हसता हसता पदरानं डोळे पुसले.

मग बाईंनी नीट समजावलं. आधी रक्त तपासायचं, मग रोज एक गोळी, न चुकता. ती लगेच गुण देत नाही, म्हणून नवरा यायच्या आधीच सुरू करायची. पुढे दर तीन महिन्यांनी तपासणी.

मोठ्या डॉक्टरांना कळलं, तेव्हा त्यांचा चहा निवला. "मी किती जणींना विचारलं नसेल गं," एवढंच म्हणाले.

तीन महिन्यांनी ताई आल्या. रक्त स्वच्छ! त्या आनंदात त्यांनी माझ्या फाटक्या गादीला फुलाफुलांचा कपडा शिवला. आता मी कुरकुरत नाही, आणि बाईही माझ्यावर विसंबत नाहीत. पेशंट उठताना त्या पेन खाली ठेवतात.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जरूर तेल घाला, ठिगळ लावा. पण तुमच्यासमोर कुणी अर्धं उठून थांबलं, तर मान वर करून बघा. दरवेळी स्टूल कुरकुरेलच असं नाही.