आपल्यातलं रक्त

२००९ सालच्या हिवाळ्यात माझ्या उजव्या कोपराने माझ्याशी असहकार पुकारला. खडू उचलताना, कप धरताना आणि मुख्य म्हणजे लेखणी टेकवताना कोपराच्या हाडापासून मनगटापर्यंत कळ जाई आणि बोटे आपोआप उघडत. मी पाली व प्राकृत शिकवत होते आणि प्राकृत शब्दांचा एक कोश करत होते. कोश 'प'पर्यंत आला होता. सांगून लिहवून घ्यावा, तर जो लेखनिक मिळाला त्याला शब्दारंभीचा प्रत्येक 'ण' चुकीचा वाटे आणि तो परोपकारबुद्धीने त्याचा 'न' करून ठेवी. म्हणजे हात बरा झाला नाही, तर प्राकृत भाषा 'प'वरच संपणार होती.

स्टेरॉइडची दोन इंजेक्शने झाली. पहिल्याने गुण आला, दुसऱ्याने आला नाही. तेव्हा मला ताराबाई पार्कातल्या डॉ. वृषभ चौगुले यांच्याकडे पाठवण्यात आले. त्यांच्या पाटीवर 'गुडघे, खांदे, केस व कांती' असे लिहिले होते. तालमीतले पैलवान गुडघे पुरवत, लग्नसराई केस आणि कांती पुरवी, आणि दोघांसाठी उपचार एकच होता: रुग्णाचे थोडे रक्त काढायचे, यंत्रात गरगर फिरवायचे, तांबड्या पेशी तळाशी बसल्या की वरच्या पिवळसर द्रवातला, म्हणजे प्लाझ्मातला, प्लेटलेट्सचा दाट भाग घ्यायचा आणि दुखऱ्या जागी, नाहीतर विरळ टाळूत, टोचायचा. प्लेटलेट हा शब्द कोल्हापूरला डेंग्यूने शिकवला होता. त्या सौंदर्यवर्धकही असतात, हे डॉक्टर चौगुले शिकवत होते. मी मिळाले तेवढे शोधनिबंध वाचले होते. कोपराबाबतचा पुरावा आशा धरण्याइतपत होता, केसांबाबतचा त्याहून बराच पातळ. दवाखान्याच्या पत्रकात जागा मात्र उलट्या प्रमाणात वाटली होती.

त्या पत्रकावर ठळक अक्षरांत छापले होते: 'आपल्यातलंच रक्त, आपल्याच कामी!' पहिल्या भेटीत मी डॉक्टरांना म्हटले होते की 'स्वतःचेच रक्त' असे लिहा, 'आपल्यातलं' या शब्दाला आपल्या गावात दुसरा अर्थ आहे. ते हसले. 'स्वतःचे' कोरडे वाटते, 'आपल्यातलं'मध्ये जिव्हाळा आहे, असे त्यांचे मत पडले. जिव्हाळ्यापुढे व्याकरण नेहमीच हरते.

ठरलेल्या दिवशी माझा नंबर पहिला होता. स्वागतकक्षातल्या दीपाने माझे रक्त काढून घेतले. तिच्या हातात नळी असतानाच आक्कासाहेब माने आल्या. थोरल्या मुलाचे लग्न आठवड्यावर आले होते आणि भांगाशी केस विरळ झाले होते, ही दुहेरी माहिती त्यांनी खुर्चीवर बसायच्या आत सर्वांना दिली. दीपाने त्यांचेही रक्त घेतले, दोन्ही नळ्या यंत्रात समोरासमोर ठेवल्या आणि यंत्र सुरू केले.

आक्कासाहेब माझ्या शेजारी येऊन बसल्या. दीपाने मला बाहेर बसायला सांगताना घेतलेले आडनाव त्यांच्या कानावर पडले होते.

"माने व्हय तुम्ही? मग आपल्यातल्याच की." त्यांनी माझ्या गुडघ्यावर प्रेमाने थाप मारली. "कुठलं माने?"

मी गावाचे नाव सांगितले. त्या गावात त्यांच्या नणंदेचे घर निघाले, विहीर निघाली आणि एक अविवाहित पुतण्याही निघाला. माझी एक भाची लग्नाची आहे, हे त्यांनी माझ्याकडून कसे काढून घेतले ते मला अजून कळलेले नाही. पोरगी काय शिकली, उंची किती, रंग कसा, सगळी चौकशी उरकली. मला गंमत वाटू लागली होती, हे कबूल केले पाहिजे. शेवटी त्या मूळ प्रश्नावर आल्या.

"आणि देवक काय वो तुमचं?"

"छप्पन्न सालापासून नाही," मी म्हणाले. "त्या वर्षी आम्ही देवच सोडले. देवक त्यांच्याबरोबर गेले."

थाप मारून माझ्या गुडघ्यावरच विसावलेला हात आधी उचलला गेला, मग अर्थ समजला. हा क्रम मी आयुष्यात पुष्कळदा पाहिला आहे. हाताची जाण मेंदूपेक्षा नेहमीच तल्लख असते. आक्कासाहेब उठल्या, पलीकडच्या खुर्चीकडे गेल्या, तिथेही बसल्या नाहीत, आणि सरळ आत डॉक्टरांकडे गेल्या. दार उघडेच राहिले. त्यांचा आवाज दाराने अडण्यातला नव्हताच.

यंत्रात आपल्याबरोबर कुणाचे रक्त फिरते आहे, एवढेच त्यांना विचारायचे होते. डॉक्टरांनी नळ्या वेगळ्या असतात, झाकणे घट्ट असतात, असे बरेच काही सांगितले. आक्कासाहेबांनी पत्रक पुढे धरले.

"ह्यात लिवलंय न्हवं, आपल्यातलंच रक्त म्हणून? त्ये वाचून आलो मी. न्हायतर कुणाचंबी डोस्क्यात घालून घ्यायला मला काय याड लागलंय?"

डॉक्टर म्हणाले, आपल्यातलं म्हणजे आपल्याच शरीरातलं.

"मग तसं लिवायचं. आपल्यातलं म्हंजे आपल्यातलं. कोल्हापुरात कुणालाबी इचारा."

शब्दार्थाच्या प्रश्नात मला त्यांचा पक्ष घेणे भाग होते. 'आपण' हा शब्द प्राकृतातल्या 'अप्पण'वरून आला आणि तो मूळच्या 'आत्मन्'वरून. आत्म्यापासून निघालेला शब्द चालत चालत जातीच्या उंबऱ्याशी येऊन थांबला, आणि आत्मा न मानणाऱ्यांची एक मुलगी त्याची व्युत्पत्ती कार्डावर नोंदवत बसली. कोशात मी दोन्ही अर्थ दिले होते. आक्कासाहेबांना दुसराच माहीत होता, एवढाच फरक.

तोवर यंत्र थांबले. दीपाने नळ्या काढल्या आणि ती तिथेच उभी राहिली. दोन्ही नळ्यांवर तिने सारखीच अक्षरे लिहिली होती: 'एस. माने'. आक्कासाहेबांचे कागदावरचे नाव सुमित्रादेवी होते, माझे संघप्रिया. आडनाव सारखे असलेली माणसे आपसात ओळखीची असणार आणि गोंधळ झालाच तर घरातल्या घरात निस्तरतील, अशी काहीतरी तिची समजूत असावी.

डॉक्टरांनी दोन्ही नळ्या खिडकीच्या उजेडात धरल्या. तळाशी तांबडे, वर सोनेरी. दोन्हीत रेघ जवळपास एकाच उंचीवर.

"माझी कुठली?" आक्कासाहेबांनी विचारले.

डॉक्टरांनी दीपाकडे पाहिले. मी आत गेले.

"तुम्हीच ओळखा, आक्कासाहेब," मी म्हणाले. "आपल्यातलं कुठलं ते बघून सांगा. तुम्ही सांगाल ते मी तुमचं समजेन."

त्यांनी खरोखरच पाहिले. यासाठी मी त्यांना गुण देते. पुढे वाकून त्यांनी एक नळी पाहिली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या भेदाच्या जोरावर माणसे विहिरीवरून हाकलली गेली, तो भेद शोधायला पुरेसा उजेड होता. त्यांच्या ओठांवर घाम आला.

"असं दिसतंय व्हय कुठं?" त्या शेवटी म्हणाल्या.

"मला वाटलं, तुम्हाला दिसत असेल."

डॉक्टर मध्ये पडले. खूण पक्की नसलेले रक्त कुणालाच टोचता येत नाही, दोन्ही टाकून द्यावे लागेल, असे ते म्हणाले, आणि ते बरोबरच होते. मग त्यांनी मला बाजूला घेतले. आक्कासाहेबांकडे लग्नघर आहे, त्यांचे आज उरकू द्या, तुम्ही उद्या या. "मॅडम, तुम्ही समजूतदार आहात," ते म्हणाले.

समजूतदार. हा शब्द माझ्या कोशातला नव्हे, पण मनात त्याचेही कार्ड होते. ज्याला कळते त्याने सरकावे, असा त्याचा प्रत्यक्ष वापरातला अर्थ; तो मी शाळेच्या शेवटच्या बाकावर शिकले, नोकरीच्या मुलाखतीत शिकले, भाड्याच्या खोल्या पाहताना शिकले. समजूतदारांना उद्या नेहमीच मिळतो. मी रक्त काढायच्या खुर्चीत जाऊन बसले आणि डाव्या हाताची बाही वर केली.

"नंबर माझा होता," मी म्हणाले, "आणि कोपर आज दुखतंय. नवी नळी आणा. त्यावर नाव मी लिहिणार."

डॉक्टर म्हणाले, दीपा लिहील, तुम्हाला त्रास होईल. मी म्हणाले, दीपाचे लेखन आपण पाहिले.

दीपाने चिकटपट्टी आणि पेन माझ्यापुढे ठेवले. मी पेन उजव्या हातात घेतले. 'सं'पाशीच बोटे सुटली. पेन जमिनीवर पडले, ते दीपाने उचलून दिले. 'घ'च्या वळणाला डोळ्यांत पाणी आले. ते मी पुसले नाही, कारण डाव्याने चिकटपट्टी दाबून धरली होती आणि पुसायला हात रिकामा नव्हता. संघप्रिया. नंतर वडिलांचे नाव, नागसेन. शेवटी माने. अक्षरे बालवाडीतल्या मुलासारखी वेडीवाकडी आली, तरी प्रत्येक वाचता येत होते. आक्कासाहेब दारात उभ्या राहून सगळे पाहत होत्या, मंगल कार्यालयातून त्यांचा फोन सारखा वाजत होता आणि त्या तो उचलत नव्हत्या.

रक्त निघाले. डॉक्टर नळी यंत्रात ठेवायला गेले आणि मागे वळून म्हणाले की समोर तितक्याच वजनाची नळी लागते, नाहीतर यंत्र थरथरते. आक्कासाहेबांचेही आताच काढले तर एका फेरीत दोघींचे होईल, आता नावे तर वेगळी आहेत. ते आक्कासाहेबांकडे पाहू लागले. फोन पुन्हा वाजला.

"ठेवा जावा," आक्कासाहेब म्हणाल्या. त्यांनी बांगड्या मागे सारल्या. "उशीर व्हायलाय. चालतंय आता."

मी डॉक्टरांना विचारले, समोर नुसते पाणी भरलेली नळी चालते का. चालते, ते म्हणाले.

"मग पाणी ठेवा."

"आवो, मी म्हनतोय की चालतंय म्हणून," आक्कासाहेब म्हणाल्या. त्या खरोखर दुखावल्या होत्या.

"तुम्हाला चालतंय," मी म्हणाले. "मला विचारलं नाही कुणी. पाण्यासाठी आम्ही फार भांडलो आहोत, आक्कासाहेब. सोबतीला तेच बरं."

डॉक्टरांनी मापून पाणी भरले. यंत्र फिरले, आणि आक्कासाहेब माने बाहेर खुर्चीवर जाऊन आपल्या नंबराची वाट पाहत बसल्या.

सुई कोपरात शिरली तेव्हा आधीच्या सगळ्या कळा सौम्य होत्या असे वाटले. पुढचे काही आठवडे हात झोळीत होता. मग हळूहळू पेन बोटांत टिकू लागले. हे प्लाझ्माने झाले की सक्तीच्या विश्रांतीने, ते एका कोपरावरून सिद्ध होत नाही आणि मी तसा दावा करणार नाही. पत्रकासाठी अभिप्राय मागायला डॉक्टरांचा फोन आला, तेव्हा त्यांनाही मी हेच सांगितले. अक्षर पूर्वीइतके सुबक नाही. कोश 'फ'वर आहे.