न उकळलेला नमुना

फिल्मवर पहिली रेघ उमटली ती तांदळाच्या दाण्याएवढी, काळी, कडेला किंचित पसरलेली. दुसरी तिच्याहून फिकी. तिसऱ्या जागी काहीच नव्हतं. प्रयोगशाळेतल्या बाईंनी फिल्म दिव्यासमोर धरली, चष्मा कपाळावर सारला, पुन्हा खाली घेतला.

पहिला नमुना एका निरोगी माणसाच्या पेशींचा, दुसरा बाईंच्या धाकट्या बहिणीचा, तिसरा बहिणीच्या मुलीचा, ठकीचा. पेशीत अडकलेली चरबी उचलून पुढे नेणारं एक प्रथिन असतं. बाईंची अँटिबॉडी नेमकी त्यालाच जाऊन चिकटते, आणि ते असेल तिथे रेघ उठते. बहिणीनं त्या प्रथिनाचं नाव हमाल ठेवलं होतं. रोज फोनवर विचारायची, हमाल आला का गं कामावर, की अजून दांडीच?

मागच्या खेपेला तिन्ही जागा कोऱ्या राहिल्या होत्या. बाईंनी हाताच्या सवयीनं नमुने उकळून घेतले होते, आणि हे प्रथिन उकळलं की त्याचा गोळा होतो, ते वरच अडकून बसतं, रेघेच्या जागेपर्यंत उतरतच नाही. त्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. घरचा नमुना होता, चित्त थाऱ्यावर नव्हतं. पण चूक ध्यानात आली तेव्हा लाज वाटायच्या आधी त्यांना हायसं वाटलं. निरोगी माणसाचीही रेघ नाही, म्हणजे ठकीचं अजून काहीच ठरलेलं नाही. बहिणीला तसं कळवलं, तेव्हा ती आधी रडली आणि मग पोटभर जेवली.

पेशी मात्र संपल्या होत्या. ठकीच्या दंडाच्या कातडीचा बारीक तुकडा पुन्हा काढावा लागला. चालताना भेलकांडणारी, घोटभर पाण्यानंही ठसका लागणारी ती पोर मावशीचं बोट धरून शहाण्यासारखी बसून राहिली.

या वेळी बाईंनी काहीही उकळलं नाही. अँटिबॉडीची नवी कुपी फोडली. सगळ्याच पेशींत असणाऱ्या दुसऱ्या एका प्रथिनाची रेघही तपासली; ती तिन्ही जागी सारखीच गडद होती. नमुना कमी पडला म्हणायलाही जागा उरली नाही.

वॉर्डबाहेरच्या बाकावर बहीण बसली होती. ठकी तिच्या मांडीवर झोपलेली, तोंड थोडं उघडं. बाई शेजारी टेकल्या. बहिणीनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हमालाचं नाव काढलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, प्रथिन मुळातच नसेल तर हे बरं होण्यासारखं नाही, यापुढे पोरीला टोचत बसू नका. पण डॉक्टरांना काय, ते कायम घाईत, असं ती पुटपुटत राहिली. ठकीची बाही तिनं खाली ओढली, पुन्हा वर केली.

"परत चुकलं असेल ना गं, ताई? डावा दंड आहे अजून. एकदाच बघ."

बाईंनी ठकीचे पाय आपल्या मांडीवर ओढून घेतले. ते गार पडले होते.

"नाही," त्या म्हणाल्या. "या वेळी चुकलं नाही. आता हिला कुणी सुई लावणार नाही. चल, घरी नेऊ या तिला."