ट्रेलर दादाला पसंत पडेना

चार शनिवारांतलं हे तिसरं दुकान. दादाने इथल्याही ट्रेलरभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि चाकाला बुटाने एक लाथ घातली. धाकट्याने घड्याळात पाहिलं. लाथेनंतर साधारण दहा मिनिटांनी नकार येतो, हा आता अनुभव होता.

दोघे भाऊ गेली एकोणतीस वर्षं पाडकामाचा राडारोडा वाहत होते. कुठल्याशा नवरा-बायकोला नवं स्वयंपाकघर हवंसं झालं, की त्यांचं जुनं यांच्या ट्रेलरमध्ये येई. फरशा, ओट्याचे तुकडे, अर्धी भिंत. पिकअपच्या मागे जोडलेला हा ट्रेलर म्हणजे चाकांवरचा नुसता पाट. भरायचा हाताने, रिकामा करायचा फावड्याने. दादा एकसष्ट वर्षांचा, धाकटा चोपन्नचा. दोघांच्या मिळून कमरा दोन असल्या, तरी चालणारी फार तर एक.

"आपोआप उचलणारा ट्रेलर घ्या," असं शेवटी धाकट्याची बायको म्हणाली होती. "बटण दाबलं की हौदा उभा राहतो, माल आपला आपण खाली येतो. माणूसही एकच लागतो."

ती वाईट काहीच बोलली नव्हती. पण दादा तेव्हा मागे बेसिनवर हात धूत होता, आणि हात धुऊन झाले तरी नळ बराच वेळ चालू राहिला.

एकच माणूस म्हणजे कुठला, हे विचारायची गरज नव्हती. गाडी धाकटा चालवायचा. दादा गाडी कधी शिकलाच नाही. शेजारी बसून ती चालवायचा मात्र तोच. त्याच्या वाट्याला फावडं होतं. त्याची बायको गेल्यापासून सकाळी सहाला उठायला त्याच्याकडे तेवढं एकच कारण उरलं होतं.

तेव्हापासून ट्रेलर पसंत पडेना. पहिल्या दुकानात हौदा उचलायला पुढच्या बाजूला तेलाच्या दाबावर वर सरकणारा एकच उंच सिलिंडर होता. "एका पायावर उभं राहणारं काही मी घेत नाही," दादा म्हणाला. दुसऱ्या दुकानात पोटाखाली दोन सिलिंडर होते. "एक दमला की दुसरा वाकडा ओढणार. दोन माणसांचं कसं असतं, मला विचारा." धाकट्याने तिथे काही विचारलं नाही.

इथे तिसऱ्या दुकानात कात्री होती. हौद्याखाली लोखंडाचे दोन दांडे एकमेकांत अडकवलेले. सिलिंडरने रेटलं की ते कात्रीसारखे उघडत आणि हौदा वर जाई. दुकानातला विक्रेता हसतमुख होता आणि कुठल्याही प्रश्नाचं उत्तर अंशांत द्यायचा, म्हणून दोघे आपापसांत त्याला पंचेचाळीस म्हणू लागले होते.

"उंचसखल जागेत कात्रीच घ्या, काका," पंचेचाळीस म्हणाला. "हौदा डुलत नाही. पूर्ण पंचेचाळीस अंश."

"आणि ग्रीस?"

"महिन्यातून एकदा सांध्यांना लावायचं. दहा मिनिटांचं काम."

"दहाच मिनिटं," दादा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं, कोणीतरी त्याला उरलेला महिना मोजून दाखवला आहे. मग तो म्हणाला, "रिकामा हौदा काय, कोणीही उचलेल. आमचा माल घालून दाखवा."

"दादा, आपल्या ट्रेलरमधला तो सगळा माल हाताने इकडे टाकावा लागेल."

"मग टाकू. तुला कुठे लग्नाला जायचंय?"

तर फावडं मारावं लागू नये म्हणून जो ट्रेलर घ्यायचा, तो तपासायला दोघांनी दीड तास फावडं मारलं. पंचेचाळीसने नवा ट्रेलर आधी त्यांच्या पिकअपला जोडून दिला; मग तो मधून मधून पाणी आणून देत होता आणि घड्याळ बघत होता. दादाने माल नेहमीसारखा रचला. भुगा आणि फरशांचे तुकडे पुढे, काँक्रीटचे मोठे गठ्ठे मागच्या फळीला टेकून. ही रीत त्यानेच काढली होती. धाकट्याची कंबर पहिल्यांदा धरली त्या वर्षी. जड माल काठावर असला की तो उचलून आणावा लागत नाही, नुसता ढकलला की पडतो. तेव्हापासून दोघांपैकी कोणीही असाच भरी, आणि का ते कोणाच्या मनातही येत नसे.

पंचेचाळीसने खिशातून छोटा रिमोट काढून धाकट्याच्या हातात दिला. "वायरलेस आहे. गाडीला हँडब्रेक लावा, लांब उभे राहा आणि दाबा."

धाकट्याने दाबलं. पंप घुमू लागला, हौद्याची पुढची बाजू वर चढली. फार सोपं होतं. एकोणतीस वर्षं आपण काय करत होतो, असा विचार त्याला आला, आणि दादाकडे बघायचं त्याने टाळलं.

पंधरा-वीस अंशांवर पुढचा भुगा सरकून मागे आला आणि गठ्ठ्यांवर जाऊन बसला. मागची फळी उघडलीच नाही; एक गठ्ठा तिच्यात पाचर मारल्यासारखा अडकला होता. सगळं वजन ट्रेलरच्या चाकांच्या मागे गेलं. ट्रेलरची मागची बाजू दबली, गाडीला जोडलेला पुढचा दांडा उठला, आणि त्याच्याबरोबर पिकअपचं बूड. गाडीची मागची दोन्ही चाकं वीतभर अधांतरी झाली. हँडब्रेक लागतो तो मागच्याच चाकांना. गाडी, आतमध्ये कोणी नसताना, आवारातल्या उतारावरून सावकाश दुकानाच्या काचेकडे निघाली.

धाकट्याचा अंगठा बटणावर तसाच राहिला.

"खाली घे," दादा म्हणाला. आवाज चढवला नाही. "दुसरं बटण. ते नाही, खालचं. हां. अजून. अजून."

चाकं टेकली. गाडी थांबली. काच आता हातभर अंतरावर होती. पंचेचाळीसचं हसू गेलं होतं, आणि त्याशिवाय तो बराच तरुण दिसत होता.

"हा माल भरला कोणी?" त्याने विचारलं.

"मी," दादा म्हणाला. "ह्याच्यात उलटा भरायला हवा. जड पुढे." त्याने गठ्ठ्यांकडे पाहिलं. "म्हणजे तेही चुकलंच."

तो पायरीवर जाऊन बसला. त्याने हातमोजे काढले, एकात एक घातले. या ट्रेलरमध्ये त्याने आता कुठलाच दोष काढला नाही. चार शनिवारांत पहिल्यांदाच. धाकट्याला तो नकार हवासा वाटला.

"तसं घाबरायचं कारण नाही, साहेब," पंचेचाळीस सावरून म्हणाला. "माल नीट भरला की असं होत नाही. आणि पुढच्या चाकांना दोन लाकडी ठोकळे लावायचे. मागची उचलली तरी गाडी हलणार नाही. ठोकळे मी तसेच देतो. एकटा माणूस आरामात करतो."

"पायाचा ब्रेक चारही चाकांना लागतो ना?" धाकट्याने विचारलं.

"लागतो. पण त्यासाठी आत बसून राहावं लागेल."

"मी बसेन. आणि रिमोट वायरचा असतो का?"

"असतो, जुना प्रकार. ट्रेलरलाच लटकतो. वायर गाडीपर्यंत पोचत नाही. आता तो कोणी घेत नाही."

"तो लावा."

"अहो, मग तुम्हाला कायम दोन माणसं लागतील. एक ब्रेकवर, एक बटणावर."

"हो. लागतील."

पंचेचाळीसने एकदा या भावाकडे, एकदा त्या भावाकडे पाहिलं आणि कागदावर लिहून घेतलं. गिऱ्हाईक शहाणं असावंच, असा दुकानाचा नियम नव्हता. "बरं. आणि ठोकळे गाडीत टाकतो."

"ठोकळे नकोत," धाकटा म्हणाला.

दादा पायरीवरून उठला. ट्रेलरच्या बाजूला जाऊन त्याने वायरचा रिमोट जिथे लटकणार होता ती खुंटी हाताने हलवून पाहिली.

"ही खुंटी फार खाली आहे," तो म्हणाला. "मी दर वेळी वाकणार आहे का?"

"वर घेऊ," पंचेचाळीस म्हणाला.

"घ्या. आणि तू काय उभा आहेस? गाडीत बस, पाय ब्रेकवर ठेव. हा माल अजून काढायचाय."

धाकटा एक हात कमरेवर ठेवून गाडीत चढला.