कुंकू लागलेलं धनुष्य

दसऱ्याला आमच्या पालेगावच्या घरी कोयता, विळा, कुदळ, बाबांचा टेम्पो, सगळ्यांची पूजा होते. या वर्षी बाबांनी माझं धनुष्यही पाटावर मांडलं. आणि पुजलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, हा आमच्या घरातला नियम. मी आदळआपट केली. दुसऱ्या दिवशी अकराला अंबरनाथमध्ये तिरंदाजीची जिल्ह्याची निवड होती. त्यातून चार मुली राज्याच्या स्पर्धेला जाणार होत्या आणि माझ्या वयोगटात माझं हे शेवटचं वर्ष. पण बाबांपुढे माझं काही चालत नाही.

म्हणून निवडीच्या दिवशी सकाळी उजाडताच बांधापलीकडच्या पट्टीत गेले. तीन बाजूंना टॉवर उठलेत, मधे आमची उरलेली जमीन. तिथं पेंढा भरलेल्या गोण्या लावल्यात, तेच माझं टार्गेट. माझा चुलतभाऊ अमितदादा धनुष्याची जुळणी करून देतो. तोही डोळे चोळत आला. बाबा मागे येऊन उभे राहिले.

पहिला बाण शेपूट हलवत डावीकडे गेला. दुसराही तसाच. तिसरा तर गोणीच्या कडेला जाऊन बसला. परवा हेच बाण मधोमध लागत होते! माझी सटकलीच. दादाला वाट्टेल ते बोलले, तूच काहीतरी पिरगाळलंस म्हणून. तो बिचारा शपथा घेऊन थकला. मग म्हणाला, बिनपिसांचा सोड. पिसं बाणाला हवेत सरळ करून घेतात, त्यामुळे धनुष्याची चूक झाकली जाते. बिनपिसांच्या बाणाला झाकता येत नाही. सोडला, तर तो बाकीच्यांच्याही डावीकडे, तिरका घुसला.

"बटण घट्ट झालंय," दादा म्हणाला.

मुठीच्या वर, जिथं बाण टेकतो, तिथं स्प्रिंगचं एक इवलंसं बटण असतं. बाण सुटताना ते किंचित आत दबतं. मी बोटानं दाबलं तर ढिम्म हललं नाही. दादानं ते उघडलं आणि आतून तेलात कालवलेलं लालभडक कुंकू निघालं.

आम्ही दोघांनी मागे पाहिलं. बाबांचा चेहरा उतरला होता.

"आगो, बान जिथून सुटतो तिथंच लावला मी," ते म्हणाले. "देवाचा हाय, वाईट काय व्हनार?"

 ओरडायलाही वेळ नव्हता. बाबाच धावत जाऊन चिंधीवर पेट्रोल घेऊन आले. दादानं बटण पुसलं, स्प्रिंग धुतली, पण जुळणी सगळी गेली ती गेलीच. आता पहिल्यापासून. दादा स्क्रू जरासा फिरवायचा, मी एक पिसांचा आणि एक बिनपिसांचा सोडायचे. बिनपिसांचा थोडा उजवीकडे सरकला. अजून थोडा. मग जास्तच सरकला, दादानं जीभ चावली, स्क्रू उलटा फिरवला.  परत ओढलं, सोडलं. खट्. खट्. दोन्ही बाण एकमेकांना चिकटून, सरळ! मी किंचाळलेच. टॉवरच्या गॅलरीत चहा पिणारे लोक वाकून बघायला लागले.

बाबांनी जो काय टेम्पो हाणला! नावं पुकारायला सुरुवात झाली तेव्हा आम्ही मैदानात शिरलो. पुढचं मला फारसं आठवत नाही. बाण सुटत होते, शेपूट न हलवता जात होते आणि मला इतकी मजा येत होती की भीती वाटायचंच राहून गेलं.

दुपारी पंचांनी निकाल वाचून दाखवला. चौथं नाव जिज्ञासा, म्हणजे मी. बाबांच्या लेखी पहिला येतो तो जिंकतो, बाकी सगळे हरतात. ते माझ्याकडे बघेनात.

"माझ्या कुकवानं घालवला तुझा नंबर," ते हळूच म्हणाले. 

"बाबा, चारजणी घेतायत. मी चाललेय राज्याला."

 मग दादाकडे वळून त्यांनी खरं का म्हणून विचारलं. दादानं मान हलवली. आणि माझा बाप भर मैदानात, पंचांच्या टेबलासमोर, दोन्ही हात वर करून हळदीत नाचतात तसा नाचायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मीही धनुष्य दादाच्या हातात दिलं आणि नाचले.