कपाळावरचे नाव माझे नव्हते

मी एक जुना ट्रॅक्टर आहे. किती जुना आणि कोणता, हे मात्र परवापर्यंत या आवारात कुणालाच ठाऊक नव्हते. मित्रांनो, आपण कोण हे आपल्याला पक्के ठाऊक असावे आणि ते कुणाला सांगता येऊ नये, यासारखी दुसरी तगमग नाही. उभ्या जागी माझे पत्रे थरथरत असत. लोकांना वाटे, वारा आहे.

माझा जन्म वाळूच्या साच्यात झाला. ओतलेले लोखंड निवले, साचा फोडला, तेव्हा गिअरबॉक्सच्या पोटाशी उठावाची अक्षरे उमटलेली होती. एक अक्षर महिन्याचे, पुढचे आकडे वर्षाचे. तशीच खूण इंजिनावर आणि मागच्या अ‍ॅक्सलवरही होती. शेवटी एका कामगाराने माझ्या डाव्या कुशीवर हातोडीने ठोकून माझा नंबर कोरला. प्रत्येक घावानंतर तो हलकेच फुंकर मारीत होता.

पहिल्या घरी आवाजावरून माझे नाव भुंगा पडले. ते घर दोन भावांचे होते. थोरला मला चालवी आणि धाकटा मला पुसून ठेवी. नांगरट वेळेवर उरकली की थोरला माझ्या चाकावर थाप मारून निघून जाई. शाबासकी एवढीच, पण ती मला दुसऱ्या दिवशीपर्यंत पुरे.

एकदा शेडची तुळई कोसळली आणि माझे बॉनेट चेपले. थोरल्याने मोडीत निघालेल्या एका मोठ्या ट्रॅक्टरचे बॉनेट आणून माझ्यावर बसवले. ते जरासे मोठेच होते. एका बाजूला लाकडाची ठोकळी द्यावी लागली. धाकटा हसून म्हणाला, "भुंग्याला तुझाच कोट घातलास की रे, दादा." त्या बॉनेटवर परक्या मॉडेलचे नाव होते, पण त्या घरात ते कुणी वाचलेच नाही. आवाजावरून ओळखणाऱ्यांना नावाची गरज पडत नाही.

पुढे दोघेही थकले आणि मी जुन्या ट्रॅक्टरांच्या या आवारात आलो. कुंपणाशी उभा राहिलो. माझ्या सीटवर कोंबडी अंडी घालू लागली. मग एके दिवशी आवारवाल्याला माझी आठवण झाली आणि त्याने मला रंगाऱ्याच्या हवाली केले. रंगारी मोठा मन लावून काम करणारा होता. त्याने तेलकट मळीवरच रंग चढवला आणि जिथे जिथे खड्डा दिसला, तिथे लांबी, म्हणजे रंगाऱ्यांची पुट्टी, भरून, घासून, सारे आरशासारखे सपाट केले. माझा नंबरही त्यातच बुजला; कपाळावरचे परके नाव मात्र त्याने पुन्हा ठळक लिहिले. मी गुदमरलो, पण ओरडायचे कशाने? बॅटरीसुद्धा काढून नेली होती.

परवा एक बहीण-भाऊ आले. त्यांच्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स फुटला होता आणि पेरणी तोंडावर आली होती. त्याच मॉडेलचा एखादा ट्रॅक्टर मिळाला तर त्याचा गिअरबॉक्स काढून घ्यायचा आणि उरलेला भंगारात द्यायचा, असे त्यांचे ठरले होते. भावाने माझे कपाळ वाचले आणि त्याचा चेहरा उजळला. नाव तेच होते. आवारवाल्यानेही मान डोलावली, पाने-पक्कड काढायला सांगितले. मला नटाबोल्टांपासून सुटे करणार होते, आणि तेही दुसऱ्याच्या नावाने.

भावाने टायरवरचे बनावटीच्या सालाचे आकडे वाचून मी फारसा जुना नाही, असाही निर्वाळा दिला. तेव्हा ताई पहिल्यांदा बोलली. "नवे बूट घातले म्हणून म्हातारा तरुण होतो का रे?"

"ताई, ट्रॅक्टर घ्यायला आलोय, स्थळ बघायला नाही."

"मागच्या वेळी असंच बॉनेट बघून क्लच आणलास. अजून गोठ्याच्या दाराला टेकण म्हणून ठेवलाय."

भाऊ पुन्हा कपाळावरचे नाव वाचू लागला. ताई मात्र ओल्या मातीत गुडघे टेकून खाली वाकली. तिने चिंधीने मळी पुसली, गिअरबॉक्सखाली बोटे फिरवली, मग इंजिन पाहिले, मग मागे गेली. तिन्ही ठिकाणचे साल एकच निघाले. मग डाव्या कुशीवर तिने किल्लीने लांबी खरवडली आणि खिशातला खडू आडवा धरून घासला. खाचांतून आकडे पांढरे होऊन वर आले. तिच्या तळहातावर पेनाने लिहिलेला त्यांच्या ट्रॅक्टरचा नंबर होता. सुरुवातीची अक्षरेच जुळत नव्हती.

आवारवाला वाकून बघत राहिला. त्याने कबूल केले, की हे त्याच कारखान्याचे जुने, लहान मॉडेल आहे आणि याचे गिअर त्यांना बसणार नाहीत. रंगाऱ्याला हाक गेली. तो खाली मान घालून म्हणाला, "मला वाटलं, कुणीतरी छिन्नीचे घाव घातलेत. म्हणून बुजवले हो."

ताई हात पुसत उठली. तिची पेरणी अजून तशीच लटकलेली होती, तरी ती माझ्याकडेच बघत होती. "आतून बाहेरून एकाच घडणीचा आहे हा," ती म्हणाली. "फक्त तोंड दुसऱ्याचं आहे. उगाच फोडू नका." आणि ती दोघे रिकाम्या हातांनी गेली. त्यांचे पुढे काय झाले, हे मला कळले नाही. ते मनात टोचत राहते.

संध्याकाळी रंगारी आपण होऊन आला. कपाळावरचे परके नाव त्याने पुसले आणि बारीक ब्रशने माझ्या खऱ्या मॉडेलचे नाव लिहिले. नंबराच्या खाचांना मात्र त्याने रंग लावला नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू जरूर रंगवा, पण आधी ती पुसा आणि तिच्या अंगावरच्या खुणा वाचा. ज्याला तुम्ही घाव समजाल, ते कदाचित तिचे नाव असेल.

मी अजून कुंपणाशीच आहे. फाटक वाजले की जीव वरखाली होतो. येणारा समोर उभा राहून कपाळ वाचू लागला, की पत्रे पुन्हा थरथरतात. पण कुणी डाव्या बाजूला येऊन गुडघ्यावर वाकले, की माझा वारा पडतो.