छळ म्हणजे सासरचा ना?

चाकणजवळच्या आमच्या डिप्लोमा कॉलेजात यंदा लैंगिक अत्याचार रोखण्यासाठी आठ आठवड्यांचा कोर्स झाला, आणि त्याचा उपयोग किती झाला हे मोजायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी गणित शिकवते ना! कॉलेजात काहीही मोजायचं निघालं की सगळ्यांना वासंती मॅडम आठवतात.

कोर्सआधी आणि कोर्सनंतर मुलींकडून एकच फॉर्म भरून घेतला होता. पहिलाच प्रश्न, 'तुमचा लैंगिक छळ झाला आहे का?' एकशे बारा मुली. आधी शून्य, नंतरही शून्य. प्राचार्य उद्धवराव खूश. "कोर्स यशस्वी, असं लिहून टाका!" आधीही शून्यच होतं तर कोर्सने काय दिवे लावले, असं मनात आलं. तरी सही करायला मी पेन काढलं होतं, हे खरं.

तेवढ्यात गुलशन आली, कॉलेज सोडायचा अर्ज घेऊन. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाची, काळेवाडीतल्या कादर मेकॅनिकची मुलगी. हुशार पोर, पण वर्कशॉपला सतत दांड्या. मीच तिच्या वडिलांना फोन करून सांगितलं होतं. दांड्याच मारायच्या तर शिकतेस कशाला, म्हणून त्यांनी तिला घरी बसवायचं ठरवलं.

तिला जरा थांबवावं म्हणून मी तो फॉर्म पुढे केला. "याला सगळ्यांनी 'नाही' कसं लिहिलं गं?"

"लग्न कुठं झालंय आमचं, मॅडम?"

"लग्नाचा काय संबंध?"

"छळ म्हणजे सासरचा ना? पेपरात येतं तसं, विवाहितेचा छळ."

मला हसूच आलं. धन्य आहेत या पोरी! मग सोप्या शब्दांत विचारलं, "बरं, नको असताना कुणी अंगाला हात लावला का, असं विचारलं असतं तर?"

"ते होय? ते तर वर्कशॉपला दर वेळी होतं." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "ज्योतीराम सर लेथ मशीन शिकवताना मागून चिकटून उभे राहतात. आधी हात धरतात, मग त्यांचा हात कुठंही जातो. म्हणून तर मी जात नाही."

ज्योतीराम! रोज माझ्यासमोर बसून चहा पिणारा माणूस. आणि हा कोर्सही त्यानेच घेतला होता. त्याच्याच तासाला ही बसत नाही म्हणून मी हिच्या बापाला फोन केला होता. मला माझीच शिसारी आली.

दुपारी मी वर्गावर्गात जाऊन मुलींना कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. नाव लिहायचं नाही, प्रश्न साधा. एकसष्ट जणींनी 'हो' लिहिलं. त्यातल्या तेहतीस चिठ्ठ्यांवर 'लेथ' हा शब्द होता. कुठे तरी चूक निघावी म्हणून मी त्या दोनदा मोजल्या.

गुलशनला घेऊन मी उद्धवरावांकडे गेले आणि सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर ओतल्या. ते एकेक वाचत गेले, चेहरा पांढरा पडत गेला. मग घसरले ते तिच्यावरच.

"अगं, आठ आठवडे कोर्स घेतला ना तुमच्यासाठी? तक्रार कुठं करायची ते शिकवलं नव्हतं त्यात?"

"शिकवलं होतं, सर."

"मग केली का नाहीस?"

"केली ना. लेखी दिली. कोर्सच्या समन्वयकांकडेच द्यायची, असं सांगितलं होतं." तिने माझ्याकडे पाहिलं. "ज्योतीराम सरांकडे."