एक ते चार बंद

माझ्या भाच्याने दारू पिऊन एका बाईला गाडीखाली घेतलं, आणि त्याचा ठपका माझ्या सहा कॉम्प्युटरवर ठेवायचं ठरलं होतं. साक्षही मीच द्यायची होती.

दोन हजार एक साली बँकेने आमच्या हाती नारळ दिला. त्याला व्हीआरएस असं गोड नाव होतं. मी कर्वेनगरात घराच्या खालच्या गाळ्यात गेम पार्लर काढलं. पोरं येतात, पडद्यावर गाड्या पळवतात, आपटतात, पुन्हा पळवतात. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी घड्याळ बघतो. दारावर पाटी आहे : 'दुपारी एक ते चार बंद. बेल वाजवल्यास दार उघडले जाणार नाही. नातेवाइकांसही हाच नियम.' शेवटची ओळ मी सलिलसाठी मागाहून रंगवून घेतली होती.

सलिल हा माझ्या बहिणीचा, हेमाचा, एकुलता एक मुलगा. हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये. प्रोजेक्ट वेळेत संपलं या आनंदात शुक्रवारी त्याची अख्खी टीम दुपारी जेवायला गेली, तिथे हे साहेब प्यायले, आणि तीन वाजून वीस मिनिटांनी आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर त्यांनी इंदुबाईंना उडवलं. इंदुबाई लातूरकडच्या. राहायला बिबवेवाडीत. गल्लीत तीन घरी पोळ्या करायच्या, त्यातलं एक घर माझं. जागच्या जागी गेल्या. रक्ताच्या तपासणीत दारू निघाली, त्यामुळे त्याबद्दल वाद घालायला जागा नव्हती.

तरी हेमाने मुंबईहून वकील आणला. त्यांनी जागा काढली. त्यांचं म्हणणं असं, की दारू किरकोळ होती, खरं विष गेमचं. मुलगा दोनपासून सव्वातीनपर्यंत मामाच्या पार्लरमध्ये गाड्यांचा गेम खेळत होता. तिथे माणूस आडवा आला तरी ब्रेक मारायचा नसतो. तेच डोक्यात घेऊन तो रस्त्यावर आला. शिवाय, तीन वाजून वीस मिनिटांनी ही बाई भर उन्हात कोपऱ्यावर काय करत होती, असंही ते विचारत. पोळ्यांची वेळ तर चारची. याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

साक्षीच्या आदल्या दिवशी हेमा आली. मी म्हटलं, "दुपारी मी बंद ठेवतो, हे तू त्यांना सांगितलं नाहीस?"

"त्यांनी सलिल कुठे खेळतो एवढंच विचारलं. मुंबईत दुकानं दुपारी बंद नसतात, दादा. त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आता कागद कोर्टात गेलाय."

"मग?"

"मग त्या दिवशी उघडं होतं म्हण. एकच दिवस. पोरगं आत गेलं तर मी जगायची नाही." ती रडली नाही. माझ्या पाटीकडे बघत म्हणाली, "का भाच्यापेक्षा ही मोठी?"

मी बघू म्हणालो. हेमाला जे ठाऊक नव्हतं ते असं : त्या दुपारी तीन वाजता माझी बेल वाजली होती. तीनदा, लागोपाठ. लहानपणापासून सलिल तशीच वाजवतो. मी खिडकीचा पडदा सरकवून पाहिलं. तो गाडीला टेकून उभा होता, शर्ट बाहेर, चेहरा लालभडक. प्यायलाय हे वरूनच कळत होतं. मला राग आला. भर दिवसा पिऊन मामाच्या दारात यायचं, आणि तेही तीन वाजता. मी पडदा सोडला आणि पुन्हा आडवा झालो. पंधरा-वीस मिनिटांनी गाडी सुरू झाल्याचा आवाज मी ऐकला. सलिलला त्यातलं काही आठवत नाही, असं तो सांगतो.

म्हणजे वकिलांची गोष्ट बरोबर उलटी होती. तो माझ्याकडे गेम खेळत बसला असता, तर इंदुबाई जिवंत असत्या. आणि पार्लर उघडं होतं असं मी म्हटलं की भाच्याबरोबर मीही सुटत होतो. मला हे समजत होतं. रात्रभर समजत होतं.

शिवाजीनगर कोर्टात वकिलांनी हसून विचारलं, "त्या दिवशी दुपारी दोन वाजता आपलं पार्लर चालू होतं, बरोबर?"

"बंद होतं," मी म्हणालो. "एक ते चार रोज बंद असतं."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. न्यायाधीशही पुण्याचेच असावेत. त्यांनी मान खाली घालून लिहायला घेतलं. हेमाने माझ्याकडे पाहिलं, मग पाहिलंच नाही. वकील घाईने बसले. सरकारी वकिलांनी विचारलं, "म्हणजे आरोपी तुमच्याकडे आलाच नव्हता?"

"आला होता. तीनला. बेल वाजवली. मी उघडलं नाही."

"का?"

"पाटीवर लिहिलंय."

आता सगळेच हसले. मला सोडून दिलं. खिडकीचं कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

बाहेर व्हरांड्यात इंदुबाईंचा नवरा, उत्तरेश्वर, आतलं ऐकू येईल अशा दारालगतच्या बाकावर बसला होता. एका सोसायटीत वॉचमन आहे. त्याच गणवेशात आला होता. मी पुढून जायला लागलो तसा तो उठून उभा राहिला. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"साहेब, घंटी वाजली तवा खिडकीतनं बघितलं व्हतं का तुमी?"

"बघितलं होतं."

"पिलेला हाय, दिसलं असंल."

"दिसलं."

त्याने मान हलवली. त्याला ते आधीच माहीत असावं, किंवा आता काही फरक पडत नसावा. मग म्हणाला, "तो वकील इचारत व्हता, तिथं काय करत व्हती म्हनून. मला कुनी इचारलंच न्हाई. स्वारगेटवरनं तिला जी बस मिळायची ती सवातीनला सोडायची. त्याच्या फुडची धरली तर साडेचार व्हायचे, मंग तुमी लोक बोलनार. म्हनून रोज कोपऱ्यावर थांबायची चारपत्तूर."

"माझ्याकडे येऊन बसायचं," मी म्हणालो. म्हणतानाच मला पुढचं कळलं.

"आली व्हती की एकदा. घंटी वाजवली तर तुमी रागावला, म्हनली."

रागावलो होतो. पाटी वाचता येत नाही का, असं विचारलं होतं. तिला खरंच वाचता येत नव्हतं, पण त्यानंतर तिने चारच्या आधी कधी बेल वाजवली नाही.